तहानेचा शब्द

आमच्या ओट्यावर अजून एक काचेचं मोजपात्र आहे, शंभर मिलिलिटरचं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काठाचा टवका उडाला म्हणून शाळेने बाद केलेलं ते पात्र मी घरी आणलं आणि दोन वर्षं त्याने माझ्या आईचं पाणी मोजलं. दिवसाला सात वेळा भरायचं, संपलं. त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं, गोळी गिळायचा घोटही आला.

ज्यांच्या घरी नुकतंच कुणाचं डायलिसिस सुरू झालंय आणि डॉक्टरांनी 'पाणी मोजून द्या' असं बजावलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मूत्रपिंड कसं चालतं ते मला विचारू नका, डॉक्टर नीट सांगतील. जळगावच्या उन्हाळ्यात स्वतःच्या आईला पाणी नाही म्हणणं काय असतं, एवढं मात्र मी सांगू शकते. आणि मी काय काय चुकले, तेही.

*

आईला आम्ही माय म्हणायचो. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात ती राहायची. तिथल्या मिशनच्या छोट्या दवाखान्यात ती अठ्ठावीस वर्षं दाई होती. दवाखाना बंद पडला, तरी पाड्यांवरून बोलावणं आलं की माय पिशवी उचलून निघायची. पिशवीत साबण, स्वच्छ फडकी आणि गीतांचं पुस्तक. बाळंतिणीला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि प्रार्थना करायची. यातलं एकही चुकलेलं तिला चालायचं नाही. घरात साबण नसेल तर ती घरच्यांची खरडपट्टी काढायची, तो भार प्रार्थनेवर टाकायची नाही.

माझे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. मी नऊ वर्षांची आणि माझा भाऊ सुनील सहा वर्षांचा असताना ते गेले. चर्चच्या मंडळीतल्या बायका पीठ, डाळ घेऊन आल्या. मायने घेतलं, पण एकही भांडं रिकामं परत पाठवलं नाही. चार भेंड्या, मूठभर शेंगदाणे, तेही नसेल तर शेवग्याचा पाला. मागणं म्हणून तिला यायचंच नाही. देवाकडेसुद्धा ती दुसऱ्यांसाठीच मागायची, रोज पहाटे, एकेकाचं नाव घेऊन. रेशनच्या दुकानदाराशी तिचं जन्माचं वाकडं होतं, त्याचंही नाव असायचं. "त्याले अक्कल दे, प्रभू," एवढंच, पण रोज.

अशा बाईची मुलगी असणं सोपं नसतं. मी रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणाऱ्यांपैकी, आणि तोंडाने फटकळ. माय म्हणायची, पोरीचं मन चांगलं आहे, फक्त ते जिभेपर्यंत पोचायला उशीर होतो.

*

नाताळच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो होतो. माय करंज्या लाटत बसली होती आणि माझी मुलगी रूथ तिच्या पायाशी. रूथ तेव्हा अकरावीला होती. तिने सहज आजीच्या पावलावर अंगठा दाबला आणि म्हणाली, "मम्मी, हे बघ, खड्डा पडतोय." अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. चपलेच्या पट्ट्याचे वळही पावलावर उमटलेले होते. माय म्हणाली, "काही नही वं, चालीसन पाय सुजनात." पुढे कळलं, सहा महिन्यांपासून तिला चढ चढताना दम लागत होता आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

जळगावला आणून तपासण्या केल्या. रिपोर्ट पाहून डॉक्टर माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलायला लागले. मायने त्यांना थांबवलं.

"साहेब, माले सांगा. मी दाई शे. मी लोकास्ले तोंडावर सांगेल शे."

मग त्यांनी तिलाच सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत. आठवड्यातून तीनदा मशीनवर यावं लागेल. पाणी कमी, मीठ कमी, बरीचशी फळं बंद.

"कितला दिन?" मायने विचारलं.

"आजी, कायमचंच."

बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या दारातल्या माठाजवळ थांबली, ग्लास भरून घेतला आणि उभ्याने सगळा प्यायली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "चाल." मी तिच्यामागून रिक्षापर्यंत चालत गेले. मला तेव्हा रडूही आलं नाही, डोक्यात फक्त एकच चाललं होतं की शाळेत रजा किती शिल्लक आहे.

*

माय आमच्याकडे जळगावात मेहरूणला राहायला आली. सोम, बुध, शुक्र, दुपारी बारा ते चार. माझ्या नवऱ्याची चटईच्या कारखान्यात पाळी असायची, म्हणून ने-आण बहुतेक माझ्याकडेच. तिथे गेलं की आधी वजन. मागच्या वेळेपासून जेवढं वाढलं तेवढं अंगात साठलेलं पाणी, हा तिथला सरळ हिशोब. मग खाट, हातात दोन जाड सुया, चार तास मशीनची घरघर, पुन्हा वजन. घरी येईपर्यंत माय पिळून काढलेल्या फडक्यासारखी व्हायची. जेवायचीही नाही, झोपायची.

तिच्या खाटेवर सकाळच्या पाळीत बोदवडचे एक नाना असायचे, पहाटेच्या गाडीने येणारे शेतकरी. ते उठायचे, चादर बदलली जायची आणि माय तिथे झोपायची. एकाच खाटेचे दोन मालक. मधल्या पंधरा मिनिटांत दोघांच्या गप्पा व्हायच्या, त्या बहुतेक पाण्याच्याच. विहिरीचं पाणी कसं लागायचं, उसाच्या रसात आलं किती असावं. हे असं बोलून काय मिळतं, मला कळायचं नाही. मी त्यांना गप्प करायला गेले तर नाना म्हणाले, "बोलू द्या ना ताई, बोल्याचं वजन भरत नाही."

आमच्या टेक्निशियन वैशालीताईंनी काही युक्त्या शिकवल्या. त्या खरोखर उपयोगी पडतात म्हणून लिहिते. लहान कपातून प्यायचं, मोठ्या भांड्यातलं थोडं पाणी डोळ्यांना अजूनच थोडं दिसतं. बर्फाचा एक खडा तोंडात धरायचा, पण तोही मोजायचा. गार पाण्याने चूळ भरून टाकायची. आणि मीठ खरोखर कमी करायचं. लोणच्याची फोड खाल्ली की त्या दिवशी तहान काही ऐकत नाही.

युक्त्या सांगितल्या, पण एप्रिलमध्ये आमच्याकडे सकाळी दहालाच गच्ची तापते. कूलरसमोर बसूनही ओठ सुकतात. मायच्या समोर कुणी पाणी प्यायचं नाही असा मी घरात नियम केला. फ्रिज आतल्या खोलीत हलवला. मी स्वतः न्हाणीघरात जाऊन, दार लावून, तांब्याने पाणी प्यायचे आणि तोंड पुसून बाहेर यायचे.

*

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर वजनाचा मेळ बसेना. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढायचं ते तीन, मग साडेतीन. मी रोज सात वेळा मोजून देत होते. वैशालीताईंनी विचारलं, "आजी, जास्त पाणी पिता का?" माय म्हणाली, "नही." मशीनला जास्त पाणी ओढावं लागायचं, मग तिच्या पायात गोळे यायचे आणि ती ओठ दाबून झोपून राहायची.

एका दुपारी रूथने तिची उशी उचलली तर खाली मायचा चर्चचा रुमाल. कोपऱ्यावर क्रूस भरलेला, धुतलेला, ओला. माय हात धुवायला म्हणून न्हाणीघरात जायची, रुमाल भिजवायची आणि पडल्या पडल्या चोखायची. कधी तिथल्याच तांब्याने प्यायचीही, हे तिने नंतर कबूल केलं. माझ्याच तांब्याने.

मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "पहाटे प्रार्थना करतेस आणि दुपारी चोरी करतेस. तुझ्या एखाद्या बाळंतिणीने असं केलं असतं तर सोडलं असतंस तिला?" मायने रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. आयुष्यात मी तिला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि आता ती एका ओंजळभर पाण्यासाठी वैशालीताईंच्या डोळ्यांत बघून नाही म्हणाली होती. मला तिचा राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

त्याच संध्याकाळी सुनीलचा पुण्याहून फोन आला. "ताई, इतकं कडक कशाला? दे ना तिला एक ग्लास. काय फरक पडतो?"

"तू ये आणि दे," मी म्हणाले. "मग फुप्फुसात पाणी भरलं की दवाखान्यातही तूच ने." त्यानंतर महिनाभर आम्ही बहीण-भाऊ फक्त रूथमार्फत बोलत होतो.

*

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, तीन आठवड्यांवर आला तेव्हा गावाकडच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. प्रभू वधस्तंभावर असताना जे सात शब्द, म्हणजे सात वाक्यं, बोलला, त्या प्रत्येकावर एकेक जण दहा मिनिटं बोलतो. तिसऱ्या शब्दात त्याच्या आईचा उल्लेख येतो, म्हणून तो दरवर्षी महिला मंडळाकडे. मायने तो बारा-तेरा वेळा सांगितला असेल. बाकीचे सहा पुरुषांचे. हे कुणी ठरवलं ते कुणाला माहीत नाही, आणि कधी कुणी विचारलंही नव्हतं.

पाळकसाहेब म्हणाले, "अक्का, तुम्हाला यायला जमणार नाही, ठाऊक आहे. पण तिसऱ्या शब्दासाठी चार ओळी सांगितल्या तर आम्ही वाचून दाखवू."

माय म्हणाली, "माले पाचवा जोयजे. तहानेना." 'मला तहान लागली आहे', तो शब्द.

ते म्हणाले, "तो शब्द शाळेचे गुरुजी घेतात दरवर्षी."

"गुरुजीस्ले या वरीस तिसरा द्या. त्यास्ले बी माय व्हती ना."

मी शेजारी बसून हे ऐकत होते. फोन ठेवल्याबरोबर मी नाही म्हणाले. शुक्रवार तिच्या मशीनचा वार. दोन-सव्वादोन तासांचा रस्ता, भर उन्हाचा. डायलिसिस चुकवणं म्हणजे काय ते तिलाही ठाऊक होतं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"मी आजपावत कोनाकडे काहीच मांगं नही," ती म्हणाली. "हाई मांगस." आजवर कधीच काही मागितलं नाही, हे मागते आहे. तिने मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि नेमकी तीच मला देता येत नव्हती.

*

मधेच केळ्यांचं झालं.

डायलिसिसच्या माणसाला केळं चालत नाही, त्यातलं पोटॅशियम हृदयाला भारी पडतं. आता जळगाव जिल्ह्यात केळं टाळायचं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. आजाऱ्याला भेटायला जाताना आमच्याकडे दुसरं काही नेतच नाहीत. मी दारावर कागद लावला होता, 'केळी आणू नयेत', तर एका पाहुण्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "खरंय, हल्ली पावडर मारून पिकवलेली असतात. ही आमच्या बागेतली आहेत."

एका शनिवारी मी शाळेत असताना पाड्यावरून रुमाबाई आली. तिची तिन्ही बाळंतपणं मायने केलेली. दोन बस बदलून, डोक्यावर केळ्यांच्या फण्या घेऊन ती आली होती आणि कागदावरचं वाचायला तिला येत नव्हतं. तिने स्वतः सोलून मायच्या हातात दिलं. माय नाही म्हणाली नाही. तीन खाल्ली.

रविवारी सकाळी माय उठायला गेली आणि पायांनी साथ दिली नाही. छाती धडधडत नाहीये, उलट मधेच थांबतेय असं म्हणाली. माझा नवरा तिला उचलून खाली घेऊन गेला. त्या दिवशी दवाखान्यात मशीन चालू करून मिळालं म्हणून ती वाचली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आणखी दोन तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

दुपारी तिला बोलता यायला लागल्यावर मी विचारलं, "का खाल्लंस, माय? तुला माहीत होतं."

"ती इतली दूरतीन उनी. तिन्हं मन कसं मोडू?"

मी या वेळी ओरडले नाही. ओरडायचं त्राणच नव्हतं. खाटेच्या कडेला बसून रडले, तिच्यासमोर, सव्वा वर्षात पहिल्यांदा. म्हणाले, "तिचं मन मोडायचं नाही, आणि माझं?" मायने सुया नसलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "तुन्हं खरं शे," म्हणाली. एवढंच.

मला वाटलं, आता तरी शुक्रवारचा विषय संपला. सोमवारी वजन करताना तिने स्वतःच वैशालीताईंना विचारलं, "शुक्रवारले माले सकाळनी पाळी भेटी का?"

*

सकाळची पाळी नानांची. माय त्यांच्याशी बोलली तेव्हा मी तिथेच होते. तिने सगळं सांगितलं, प्रभूने पाणी मागितलं त्यावर बोलायचं आहे, हेही.

नानांनी विचारलं, "मंग देलं का त्याले पाणी?"

"नही. आंबट काही तरी दिन्हं, बोळा भिजाडीसन."

"म्हंजे आपल्यापेक्षाही हाल," नाना म्हणाले. मग टोपी नीट करत म्हणाले, "जा अक्का तुम्ही. मी बारा वाजता येतो. मले काय, एक दिवस झोपाले भेटीन."

डॉक्टर खूश नव्हते. मशीनवरून उतरल्यावर रक्तदाब पडतो, प्रवास नको, म्हणाले. माय म्हणाली, ती झोपून जाईल आणि बसून बोलेल. शेवटी त्यांनी अटी घातल्या. गाडीत मागे आडवं व्हायचं, जास्त पाणी ओढायचं नाही, चक्कर आली तर तिथूनच मागे फिरायचं. मी अजूनही नाहीच म्हणत होते. तेव्हा रूथ म्हणाली, "मम्मी, आजी बरी होण्याची वाट बघतेयस का? ती बरी होणार नाहीये. ती अशीच असणार आहे. अशी असताना तिने काय करायचं?"

सतरा वर्षांच्या मुलीने हे बोलावं. मी गाडी सांगितली.

*

शुक्रवारी सकाळी सहाला माय मशीनवर होती. साडेदहाला निघालो. मागच्या सीटवर ती आडवी, डोकं रूथच्या मांडीवर, हाताला सुयांच्या जागी घट्ट पट्टी. माझ्या पर्समध्ये मोजलेलं पाणी, दिवसाचं राहिलेलं तीनशे. चोपड्याच्या पुढे तिचा चेहरा पांढरा पडला. मी गाडी थांबवायला सांगितली. माय डोळे मिटूनच म्हणाली, "थांबाडू नको." मी तिच्या पायांखाली पिशवी सरकवली, पाय उंच केले आणि ड्रायव्हरला म्हणाले, चला.

पोचलो तेव्हा चौथा शब्द चालू होता. चर्च गच्च भरलेलं, पत्र्याखाली भट्टी. उपासाचा दिवस, तीनपर्यंत कुणी पाणी पीत नाही, लहान पोरंसुद्धा मुकाट बसलेली. पाळकसाहेबांनी व्यासपीठाजवळ खुर्ची ठेवली होती. शेजारच्या टेबलावर बोलणाऱ्यांसाठी पाण्याचा ग्लास, वर झाकण.

मायने खुर्चीकडे पाहिलं, पण बसली नाही. टेबल धरून उभी राहिली.

"माले तीस लागनी," ती म्हणाली. आमच्याकडे तहानेला तीस म्हणतात.

पुढच्या बाकावरचे एक आबा पटकन उठले आणि ग्लासाचं झाकण काढायला लागले. त्यांना वाटलं तिला खरंच पाणी हवंय. मायने हाताने त्यांना बसवलं. म्हणाली, हाच शब्द आहे, आबा. पण लागलीही आहे.

तिचं पुढचं बोलणं मी माझ्या भाषेत लिहिते. ती म्हणाली, तुम्ही सगळे आज सकाळपासून तहानलेले आहात, तीन वाजता पाणी प्याल. मी सव्वा वर्ष तहानलेली आहे. माझी मुलगी मला पाणी मोजून देते. ते मला पुरत नाही, म्हणून मी चोरलं. रुमाल भिजवून चोखला. या रुमालाने मी इथे गुडघे टेकून डोळे पुसले आहेत, त्यानेच चोरी केली. विचारलं तेव्हा खोटं बोलले. परवा एकीने प्रेमाने केळं दिलं, ते मला चालत नाही, हेही तोंडातून निघालं नाही. माझी पोर दवाखान्यात रडली. मी तुमच्याकडे पन्नास वर्षं आले, दिलं, पण मागितलं कधी नाही. मला वाटायचं ही माझी भक्ती. तो गर्व होता. प्रभूने हा शब्द कुणाला सांगितला? त्याला खिळे मारणारे खाली उभे होते, त्यांना. सगळं त्याच्या हातात होतं, आणि त्याने मागितलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. त्याला लाज वाटली नाही. मग माले कसानी लाज?

मग तिने मागच्या बाकाकडे, माझ्याकडे बघितलं. "पोरी, आजपाईन मी चोरसू नही. तीस लागनी का सांगसू. तू नही म्हन. पन मी सांगसू."

दहा मिनिटं ठरली होती, ती चारसुद्धा बोलली नसेल. गुरुजींनी पाचव्या शब्दानंतरचं गीत सुरू करायचं होतं, त्यांना ते सुरू करता आलं नाही. डाव्या बाजूच्या बाकांवरून रुमाबाईनेच सुरू केलं, जरा वरच्या पट्टीत.

*

त्यानंतर माय जवळजवळ एक वर्ष होती. ती बरी झाली नाही, पण वजन ताळ्यावर आलं. दिवसातून वीसदा ती म्हणायची, "माले तीस लागनी." मी म्हणायचे, "माहीत आहे, माय. पाचला मिळेल." कधी ती चिडायची, कधी हसायची. कधी पाचाच्या आधीच अर्धा कप द्यायचे आणि रात्रीच्या वाट्यातून कापायचे. चोरी मात्र थांबली. जे आजारी आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की त्रास मोठ्याने सांगा. मिळेलच असं नाही, पण घरातल्या माणसाला पोलीस व्हावं लागत नाही. सुनीलशीही मी बोलायला लागले. तो दर महिन्याला चार दिवस येऊन मोजपात्र स्वतः हातात घ्यायचा. तिसऱ्याच दिवशी म्हणाला, "ताई, तू हे कसं करतेस?"

मग हृदय थकलं. मशीनवर घेतलं की रक्तदाब कोसळायचा. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, आणि मायनेच निर्णय घेतला, आता पुरे. तिला गावी नेलं. डॉक्टर म्हणाले होते, आता तिला हवं ते द्या.

गावी गेल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मायने डोळे उघडले. "माले तीस लागनी वं."

मी सवयीने उठले आणि मोजपात्र हातात घेतलं. ते मी गावीही नेलं होतं, कशासाठी देव जाणे. रूथने ते माझ्या हातातून काढून घेतलं, माठातून तांब्या काठोकाठ भरला आणि माझ्याकडे दिला. मी मायचं डोकं उचलून तांब्या तिच्या ओठांना लावला.

"मोजं का?" तिने विचारलं.

"नाही, माय."

ती दोन घोट प्यायली. तिसरा तोंडातच राहिला, मग हळूहळू गेला. तिने हाताने तांब्या बाजूला केला. मला वाटलं तिला अजून हवं असेल, मी पुन्हा पुढे केला. तिने मान हलवली.

"आते तू पी," ती म्हणाली. "न्हाणीमा नको जाऊ. मन्हासमोर पी."

मी तिच्या खाटेच्या कडेला बसले आणि ती बघत असताना तो तांब्या पूर्ण रिकामा केला.